दुसऱ्या दारावरचा पास

१२ एप्रिल १९९९, सोमवार. त्या दिवशी शहनाज आणि गनी या नवरा-बायकोच्या चटई कारखान्याला चार लाख अठरा हजार सहाशे रुपयांची मागणी आली. मागणी मोंबासाच्या एका व्यापाऱ्याची होती. माल नेहमीचाच, रंगीत प्लास्टिकच्या चटया. पण जळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या बारा मागांच्या शेडमधून आजवर नागपूरच्या पलीकडे एक गठ्ठासुद्धा गेलेला नव्हता.

फॅक्सच्या शेवटी व्यापाऱ्याने आपला नवा नियम कळवला होता. एक एप्रिलपासून फॅक्सने दिलेला होकार धरला जाणार नाही. सोबत दिलेले नाव आणि पासवर्ड वापरून होकार आमच्या वेबसाइटवरच द्यावा. मुदत शनिवार, भारतीय वेळेप्रमाणे दुपारी तीनपर्यंत. नंतर मागणी दुसऱ्या कारखान्याकडे जाईल.

शहनाजने फॅक्सची घडी केली आणि ती सरळ पितांबरभाऊंच्या क्लासवर आली. संकटात जळगावातली निम्मी कारकून मंडळी तिथेच येत असत.

पितांबर नथ्थू बोरसे मूळचे नरडाण्याचे. वडील नथ्थूभाऊ स्टेशनवर कापसाच्या गाठी वाहायचे. मुलाने गाठी वाहू नयेत एवढीच त्यांची इच्छा होती, आणि मुलाने ती पुरी केली. पितांबरभाऊ जळगावला आले, टायपिंगच्या परीक्षा पास झाले, काही वर्षे कोर्टाबाहेर झाडाखाली बसून अर्ज टाइप केले आणि चौऱ्याहत्तर साली त्यांनी 'अचूक टायपिंग क्लासेस' काढला. क्लासचा नियम एकच, खोडरबर आणायचा नाही. चूक झाली की कागद बदलायचा आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू करायचे. या नियमाने अनेक पोरी रडल्या आणि रडता रडता सरकारी नोकरीला लागल्या. शहनाज त्यांचीच विद्यार्थिनी. लग्नानंतर तिने कारखान्याचा पत्रव्यवहार हातात घेतला आणि गनीने माग सांभाळले. शिकत असल्यापासूनच ती पितांबरभाऊंना सर म्हणायची, आणि तिचे ऐकून गनीही म्हणायचा, मात्र त्याच्या 'सर'मध्ये चिमूटभर मीठ असे.

सत्त्याण्णव साली पितांबरभाऊंनी टाइपरायटर विकले आणि चार कॉम्प्युटर घेतले. पुढच्या वर्षी इंटरनेट घेतले. "सरांनी टाइपराटर विकून टीव्ही आणले," असे गल्लीत सगळे म्हणत. टेलिफोनची लाइन एकच, म्हणून त्यांनी काउंटरवर एक पाचवे, जुने मशीन ठेवले होते. फोनची लाइन जोडायचे कार्ड त्यात होते. आतल्या चार मशीनांना बाहेरचे जे काही हवे असेल ते या जुन्या मशीनकडे मागायचे, आणि त्याने जाऊन आणायचे. अशा मध्यस्थ मशीनला प्रॉक्सी म्हणतात. त्याच्या काळ्या पडद्यावर फक्त अक्षरे दिसत. वेबसाइटचे पान त्याच्यावर उघडत नसे, आणि नव्या मशीनांत त्या जुन्या कार्डाला बसायला खाच नव्हती. म्हणजे जळगाव ते मोंबासा जो काही व्यवहार होणार, तो या म्हाताऱ्याच्या हातूनच होणार होता.

शहनाजने सोमवारी दुपारी नाव आणि पासवर्ड टाइप केला. मोंबासाचे पान उघडले. वर तिच्या कारखान्याचे नाव, खाली मागणीचा आकडा. गनी खुर्चीवरून उठलाच.

"दाब!" तो म्हणाला.

तिने 'होकार द्या' या बटणावर टिचकी मारली. मशीन थोडा वेळ थांबले आणि पांढऱ्या पानावर दोनच शब्द आले. त्यांचा अर्थ, परवानगी नाही.

पुन्हा केले. पुन्हा तेच. गनीने हाताची घडी घातली. "सर, हे मशीन आहे की तलाठी? आत बसवतं, पाणी पाजतं, आणि कामाचं विचारलं की हाकलून देतं."

"पासवर्ड नीट टाइप केलास ना?" पितांबरभाऊंनी विचारले.

शहनाजने नुसते त्यांच्याकडे पाहिले. खोडरबराशिवाय शिकलेल्या विद्यार्थिनीला हा प्रश्न विचारायचा नसतो हे त्यांच्या ध्यानात आले.

मोंबासाला फॅक्स केला. मंगळवारी सकाळी उत्तर आले. परवानगी दिलेली आहे, इतर देशांतले कारखाने रोज होकार देत आहेत, दोष तुमच्याकडचा असावा. फॅक्स वाचून गनी म्हणाला, "मी आज मुंबईची गाडी पकडतो. तिकडे कुणाच्या तरी हापिसातून करून येतो."

"आज मुंबईला जाशील," शहनाज म्हणाली. "होकार दिल्यावर मालाचे कागद, जहाजाची तारीख, पैशाची पावती, सगळं त्याच पानावरून करायचं आहे. दर आठवड्याला मुंबई? चटईत उरतं किती, ते तुला ठाऊक आहे."

पितांबरभाऊंना ते वाक्य लागले. 'माझ्याकडून होईल, तुम्ही बिनघोर राहा' असे सोमवारी त्यांनीच छातीवर हात ठेवून सांगितले होते. पहिलेच खरे व्यापारी काम, आणि तेच अडले. शहनाजच्या हातची मागणी गेली असती तर त्यांच्या शब्दापायी गेली असती.

दुपारी ते जेवायला घरी गेले तर पाटावर अभिमन बसलेला. अभिमन म्हणजे यशोदाबाईंचा, त्यांच्या बायकोचा भाचा. चेहरा पाडून वरण भुरकत होता. आखाजी आठवड्यावर आलेली. खान्देशात आखाजीला सासरच्या लेकी माहेरी येतात, त्यांना आणायला घरचा कोणीतरी जातो, त्याला मुराळी म्हणतात. अभिमन मुराळी होऊन बहिणीला आणायला चोपड्याला गेला होता. तिथून रिकामा परतला होता.

"चोपडावाला मले वळखतस, आत्या," तो सांगत होता. "चहा पाजा, जेवाडं. पन बहीन तठे नव्हतीच. नणंदना घर गयेल, यावलले. सासू म्हने, तठेच जा आन् ली जा. मी गऊ यावलले. तठला लोके म्हनतस, तू कोन शे? आम्हीन तुले कधी देखं नही. परकी पोर कशी धाडूत?"

"मंग खरंच शे त्यास्नं," यशोदाबाईंनी त्याच्या ताटात भाकरी टाकली. "कोनी बी येई, म्हनी मी मुराळी शे, आन् पोर ली जाई? तू यावलले जावाले नको व्हतं. पहिले घर येतास, बाले सांगतास. तुना बाले यावलवाला वळखतस. तो सोता गया ते मान करीसन धाडतीन."

"म्हनीसनच ते परत उनू," अभिमन म्हणाला. "बा सकाय जाई ऱ्हायना." म्हणजे उद्या त्याचा बाप स्वतः यावलला जाणार होता.

पितांबरभाऊंच्या हातातला घास तसाच राहिला.

"काय व्हयनं?" यशोदाबाईंनी विचारले. "मीठ नही का?"

"शे, शे. बठ्ठं शे," म्हणत ते उठले, अर्धवट जेवणावरून हात धुतले आणि सायकल काढली.

गोष्ट अशी होती. आपण एखाद्या साइटला नाव आणि पासवर्ड देतो तेव्हा पुढच्या प्रत्येक निरोपाच्या माथ्यावर मशीन एक ओळ लिहिते: मी अमुक, मला आत येण्याचा परवाना आहे. इंग्रजीत माथ्यावरच्या अशा ओळीला हेडर म्हणतात, आपण तिला पास म्हणू. मोंबासाच्या साइटला दारे दोन होती. पहिले साधे, पाहण्यापुरते. होकार देण्याचे दुसरे, सुरक्षित, आणि त्याचा पत्ताच वेगळा. पहिल्या दारावर होकाराचे बटण दाबले की उत्तर येई, इथे नाही, त्या पत्त्यावर जा.

हे उत्तर प्रॉक्सीने आतल्या मशीनकडे आणून द्यायला हवे होते. पण वर्षभरापूर्वी फोनचे फुगलेले बिल पाहून पितांबरभाऊंनी प्रॉक्सीला एक शॉर्टकट शिकवून घेतला होता. कोणी 'तिकडे जा' म्हटले तर विचारायला परत येऊ नकोस, परस्पर तिकडे जा. एक खेप वाचते. मालाची गाडी रिकामी परतू द्यायची नाही, हा सगळ्या जळगावचा धंद्याचा पहिला धडा. म्हणून प्रॉक्सी यावलला गेलेल्या मुराळ्यासारखा परस्पर दुसऱ्या दारावर जाऊन उभा राहत होता. पास पहिल्या दारासाठी दिलेला, तो दुसऱ्या दारावर दाखवायचा नाही, इतके शहाणपण त्याच्यात होते. आणि दुसऱ्या दारावरची माणसे विचारत होती, तू कोण?

शॉर्टकट लिहून दिला होता सुकदेवने. सुकदेवही क्लासचाच विद्यार्थी, आता धुळ्याला एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवत होता. पितांबरभाऊंनी त्याला फोन लावला आणि मुराळ्याची सगळी हकिकत सांगितली. पलीकडून आधी हसण्याचा आवाज आला.

"सर, खेप वाचवायचा हट्ट तुमचा होता."

"आणि ऐकणारा तू होतास. आता उपाय सांग."

"उपाय सोपा आहे. एक ओळ सांगतो, आत्ता टाइप करा. प्रॉक्सी दुसऱ्या दारावर जाताना पासही सोबत नेईल. पाच मिनिटांत काम."

शेजारी उभा असलेला गनी रिसीव्हरला कान लावून होता. "करा, करा!" तो म्हणाला.

पितांबरभाऊंनी पेन्सिल हातात घेतली. मग थांबले. "सुकदेव, उद्या दुसऱ्या कोणत्या साइटने सांगितलं, अमुक पत्त्यावर जा, आणि तो पत्ता चोराचा निघाला, तर?"

"तर पास चोराला मिळेल, सर."

"कोणाचा?"

"जो बसला असेल त्याचा. तुमच्याकडे येणाऱ्या सगळ्यांचा."

पितांबरभाऊंनी पेन्सिल ठेवली. "मग नको. दुसरा मार्ग असेल तर बघ."

मार्ग होता. शॉर्टकट काढून टाकायचा. 'तिकडे जा' हा निरोप प्रॉक्सीने मुकाट्याने आतल्या मशीनला आणून द्यायचा. मग आतल्या मशीनने स्वतः दुसऱ्या दाराचा रस्ता मागायचा, आणि प्रॉक्सीने फक्त बंद नळीसारखे मध्ये उभे राहायचे. नळीतून काय जाते ते त्याला दिसणार नाही, वाचता येणार नाही. पास शहनाजने दुसऱ्या दाराच्या हातात स्वतः द्यायचा. पण जुन्या प्रॉक्सीला ही नळी येत नव्हती. नवा प्रोग्राम लागणार होता. तो कॉलेजच्या लाइनवरून उतरवून घेता येईल, पण बुधवारी आंबेडकर जयंतीची सुट्टी, गुरुवारी प्रयत्न करतो, शुक्रवारी घेऊन जा, असे सुकदेव म्हणाला.

फोन ठेवताच गनी भडकला. "शुक्रवार? आणि शनिवारी मुदत! सर, चोर कुठे दिसतोय का तुम्हाला इथं? माझे बारा माग दिसत नाहीत? एक ओळ लिहायची होती!"

"गनी," शहनाज म्हणाली.

"तू मध्ये बोलू नको. हे सर आहेत, यांना पगार नाही द्यायचा बावीस माणसांना."

"कुलूप माझं आहे," शहनाज म्हणाली. "किल्लीही माझी. ती मीच नेऊन लावेन. सर, तुम्ही शुक्रवारी धुळ्याला जा."

गनीने टोपी डोक्यावर दाबली आणि तो निघून गेला. बुधवारी आणि गुरुवारी तो क्लासकडे फिरकला नाही. गुरुवारी रात्री मुंबईच्या गाडीचे तिकीट मात्र त्याने काढले नाही, असे शहनाजने हळूच सांगितले.

शुक्रवारी पितांबरभाऊ पहिल्या एसटीने धुळ्याला गेले. देवपुरात सुकदेवच्या घरी प्रोग्राम तयार होता, तीन फ्लॉपींवर. सुकदेवने त्यांना शेजारी बसवून सगळे करून दाखवले, वहीत लिहू दिले नाही. "सर, तुम्हीच म्हणायचात, बोटांना पाठ झालं की डोकं रिकामं राहतं." पितांबरभाऊंनी तीनदा करून बोटांना पाठ केले. निघताना प्रश्न उभा राहिला उन्हाचा. धुळ्यातले एप्रिलचे ऊन, एसटीचा पत्रा, आणि फ्लॉपी म्हणजे शेवटी पातळ प्लास्टिक. सुकदेवच्या आईने स्टीलचा गोल डबा दिला. फ्लॉपी कोरड्या फडक्यात गुंडाळल्या, डबा ओल्या पंच्यात बांधला.

एसटीत पाय ठेवायला जागा नव्हती. माहेरी निघालेल्या लेकी, त्यांची पोरे, मुराळी, पिशव्या. पितांबरभाऊंनी डबा मांडीवर धरला होता. शेजारच्या म्हातारीने पारोळ्यापर्यंत तो नजरेआड होऊ दिला नाही. शेवटी तिला राहवले नाही.

"भाऊ, आंडेरले काय ली चालनात? मांडा शेतस का?"

लेकीसाठी मांडे नेता का, असे ती विचारत होती. "मांडा नही, आक्का," पितांबरभाऊ म्हणाले. "पन आंडेरनंच काम शे."

"मंग उन्हातून बाजूले सरका," म्हणत म्हातारीने त्यांना खिडकीजवळून उठवले, स्वतः उन्हात बसली आणि पदराचा आडोसा डब्यावर धरला. एरंडोलपर्यंत तिने तो धरून ठेवला.

शनिवारी सकाळी क्लासला सुट्टी दिली. पितांबरभाऊंनी तिन्ही फ्लॉपी एकेक करून जुन्या मशीनला चारल्या. दोन नीट गेल्या. तिसरीवर मशीन घरघरले, अडले, पुन्हा घरघरले. शहनाज खुर्चीत ताठ बसून होती. दारात गनी येऊन उभा राहिल्याचे कोणाच्या लक्षात आले नव्हते. घरघर थांबली आणि काळ्या पडद्यावर पांढरी ओळ उमटली. प्रोग्राम बसला होता.

"आता," पितांबरभाऊ म्हणाले.

शहनाजने नाव दिले, पासवर्ड दिला. पहिले दार उघडले. तिने होकाराचे बटण दाबले. पडदा कोरा झाला, आणि मधोमध छोटी चौकट उगवली. पुन्हा नाव विचारत होती, पुन्हा पासवर्ड.

"या अल्ला," गनी दारातून म्हणाला. "फिर वही!"

"थांब," पितांबरभाऊ पुढे वाकले. चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला. चौकटीच्या वरच्या ओळीत पत्ता होता, आणि तो पहिल्या दाराचा नव्हता. "शहनाज, वर वाच. हे दुसरं दार आहे. आता ते प्रॉक्सीला नाही विचारत. तुला विचारतंय."

तिने वाचले. मग दोन्ही हात मांडीवरून उचलून बोटे की-बोर्डवर ठेवली, परीक्षेच्या दिवशी ठेवायची तशी. टाइप करताना तिने एकदाही खाली पाहिले नाही.

पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक इवलेसे उघडे कुलूप होते. ते मिटले. मागोमाग पान उघडले: तुमचा होकार मिळाला. खाली मागणीचा क्रमांक आणि माल धाडण्याची तारीख.

मग गनीने अशी आरोळी ठोकली की समोरच्या पिठाच्या गिरणीतला माणूस पीठभरल्या हातांनी धावत आला. "काय झालं? कोण गेलं?"

"गेलं नाही, मिळालं!" गनी म्हणाला आणि त्याने त्या पांढऱ्या माणसाला तसेच मिठीत घेतले. मग पीठ लागलेल्या सदऱ्यानिशी तो पितांबरभाऊंसमोर उभा राहिला. मान खाली घालणे त्याच्या स्वभावात नव्हते. तो म्हणाला, "सर, तुमचा तलाठी सुधारला."

"बदली केली त्याची," पितांबरभाऊ म्हणाले.

शहनाज हसता हसता डोळे पुसत होती. "सर, एकदा पुन्हा करून बघू?"

"नको!" दोघेही एकदम ओरडले. "दोनदा होकार दिलास तर दुप्पट चटया विणाव्या लागतील."

बातमी गल्लीतून औद्योगिक वसाहतीत गेली आणि संध्याकाळपर्यंत मार्केट यार्डात. टीव्ही आणले म्हणणारेच आता सांगू लागले की बोरसे सरांनी आफ्रिकेचे कुलूप उघडले. सोमवारी डाळ मिलचे एक शेठ स्वतः चौकशीला आले. पावसाळा लागायच्या आत क्लासमध्ये दुसरी लाइन आली. आखाजीनंतर गनीच्या शेडमध्ये माग दोन पाळ्यांत चालले, आणि जून महिन्यात चटयांचा पहिला कंटेनर मुंबई बंदराकडे निघाला तेव्हा गनीने ट्रकच्या टपावर चढून नारळ फोडला. ड्रायव्हरशेजारी पितांबरभाऊंना बसवले आणि औद्योगिक वसाहतीच्या फाटकापर्यंत मिरवत नेले. दर आठवड्याचे कागद शहनाज क्लासमधूनच धाडते. प्रॉक्सी रिकामा परततो, निरोप देतो, नळी होऊन उभा राहतो. फोनचे बिल थोडे वाढले. पितांबरभाऊ ते कपाळावर आठी न घालता भरतात.

त्या शनिवारी सुकदेवला कळवायचे होते, पण शहनाजने पान मिटू दिले नव्हते म्हणून क्लासची लाइन अडलेली होती. पितांबरभाऊ तसेच रस्ता ओलांडून सरदारच्या एसटीडी बूथवर पळाले. धुळ्याचा फोन लागला. इकडून पितांबरभाऊ ओरडत होते, तिकडून सुकदेव आणि त्याची आई. मीटर पळत होते. फोन ठेवल्यावर त्यांनी खिशात हात घातला. खिसा रिकामा होता, पाकीट घरी राहिले होते. अठरा रुपये चाळीस पैसे झाले होते. सरदार म्हणाला, "द्या सावकाश, सर."

ते अठरा रुपये चाळीस पैसे पितांबरभाऊंकडे अजून बाकी आहेत.